नवं ग्राफिक्स कार्ड, अडकणारा व्हिडिओ, फाटणारा आवाज आणि नौपाड्यातलं पार्ट न खपवणारं दुकान

पाचपैकी चार स्टार. एक कशाचा कापला ते पुढे येईलच, पण आधी हे सांगते की ठाण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं असं एक दुकान आहे जिथे बघायचे पैसे घेतात आणि बघून झाल्यावर काही विकत नाहीत. माझ्या मते पीसीवाल्याला पैसे द्यायचे तर ते ह्या बघण्याचेच द्यावेत. पार्ट काय, कुठेही मिळतात, लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर घरबसल्या मागवा.

दुकान नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सवाला आहे. नाव टाकत नाहीये कारण दुकानाच्या मालक काकांनीच नको म्हटलं, त्यांना गेमिंगचे पीसी बांधून देण्याचा धंदा करायचा नाहीये आणि नाव फिरलं की तीच पोरं येतात म्हणे. ज्यांना खरंच गरज आहे त्यांना झेरॉक्सवाला वर पाठवतो.

तर झालं असं की मी गाण्याचे क्लास घेते, वर्तकनगरला घरीच, निम्मे विद्यार्थी ऑनलाइन असतात, त्यामुळे घरातला पीसी हा लेकाचा जितका तितकाच माझा. लेकाने पैसे साठवून ग्राफिक्स कार्ड घेतलं, जुनं कार्ड वेगळ्या कंपनीचं होतं, हे वेगळ्या, आणि जिथून घेतलं त्या घोडबंदर रोडवरच्या शोरूमवाल्यांनीच ते बसवूनही दिलं. (शोरूमचंही नाव नाही, कार्डाच्या कंपनीचंही नाही, कार्डाचा तर काही दोषच नव्हता.) गेम एकदम झकास चालायला लागले, लेक खूश. आणि मी पीसीवर तानपुरा लावला तर दर थोड्या वेळाने टक. परत टक. मग एक छोटीशी खर्र. यूट्यूबवर मैफल लावली तर बुवांचा हात वर जातो आणि तिथेच क्षणभर थांबतो, मग एकदम उडी मारून समेवर. आवाज आणि चित्र दोन्ही अडखळतंय, कधी एकत्र, कधी वेगवेगळं.

बोलणं ऐकताना, बातम्या बघताना हे लक्षातही येत नाही बऱ्याच जणांच्या. घरात मला म्हणत होते की तुलाच ऐकू येतंय. पण तानपुऱ्याचा सूर सलग असतो, त्यात श्वास नाही, विराम नाही, त्यामुळे एवढंसं काही तुटलं तरी कानाला टोचतं. हे मुद्दाम सांगतेय कारण नंतर दुकानातल्या पोराने हाच तानपुरा तपासणीला वापरला आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं.

पीसी शोरूमला परत नेला तर त्यांनी पाच मिनिटांत निदान केलं. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, कमी पडतोय, तो बदला. रॅम पण वाढवून घ्या. दोन्ही मिळून साडेनऊ हजार. वर हेही की स्क्रीनवर कार्ड एक्स ८ दाखवतंय, एक्स १६ नाही (कार्ड आणि मदरबोर्डमधल्या डेटाच्या वाटा किती तो आकडा), म्हणजे मदरबोर्डच जुना झालाय, तोही कधीतरी बदलावाच लागेल. हे सगळं यूट्यूब एकदाही न लावता! जाता जाता ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन, म्हणजे व्हिडिओचं काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स कार्डाला देणारी सोय, बंद करून दिलं, म्हणाले तात्पुरता फरक पडेल. फरक पडला खरा, व्हिडिओ आणखी अडकायला लागला.

मग एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी ह्या काकांचं दुकान सुचवलं.

काका स्वतः फारसे उठत नाहीत, काउंटरला बसून जुन्या प्रिंटरचं काहीतरी करत असतात, काम बघतो तो त्यांच्याकडचा पोरगा, पंचविशीचा असेल. आत शिरल्या शिरल्या त्याने कॅबिनेट उघडलंच नाही. आधी प्रश्न. "ताई, आवाज फाटतो की मागे पडतो?" मला आधी कळेना, मग म्हटलं फाटतो, ओठ आणि शब्द जुळतात, पण मधेच टक होतं. "नुसतं गाणं लावलं, व्हिडिओ नाही, तरी होतं?" होतं. "कॉम्प्युटरमधलीच फाइल लावली, नेट बंद करून?" तरी होतं, थोडं कमी. "हेडफोन कुठे लावता, कॅबिनेटला की मॉनिटरला?" ह्या प्रश्नांतच त्याचं निम्मं काम झालं असणार, कारण नेट बंद करूनही होतंय म्हटल्यावर वायफाय बाद, मागे पडत नाहीये म्हटल्यावर निव्वळ सिंकचा घोळ बाद. आम्ही बंदिश शिकवतानाही असंच विचारतो, नक्की कुठे अडतं, तोंडात की लयीत.

मग पीसी चालू करून त्याने मला शेजारी बसवलं आणि दाखवत गेला, हे फार कमी दुकानांत होतं, बाकी ठिकाणी आत नेतात आणि बाहेर येऊन आकडा सांगतात.

पहिली गोष्ट आवाजाची. नव्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःचं एक साउंड डिव्हाइस असतं, एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच्या केबलमधून आवाज मॉनिटरला पाठवायला. कार्ड बसवलं की विंडोज कधी कधी आपल्या मनाने तेच मुख्य करून टाकतं. आमच्याकडे तेच झालेलं, आणि शोरूमवाल्यांनी स्पीकरची पिन मदरबोर्डच्या मागून काढून मॉनिटरच्या मागे लावली होती, त्यामुळे आवाज येत तर होता पण सगळा वळसा घालून, नव्या कार्डातून. पिन परत मदरबोर्डला, सेटिंगमध्ये जुनं आउटपुट, आणि खर्र बरीच कमी झाली. टक मात्र राहिलं.

दुसरी व्हिडिओची. त्याने यूट्यूबवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडलं, हे मला आजवर माहीतच नव्हतं आणि तुम्हीही एकदा बघाच, त्यात किती फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली सुटी चित्रं, गळल्या तो आकडा चालू असतो आणि व्हिडिओ कुठल्या कोडेकमध्ये, म्हणजे दाबून लहान करायच्या पद्धतीत, येतोय तेही दिसतं. आमच्याकडे एव्ही१ येत होतं. बाजूला टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचा व्हिडिओ डीकोडवाला आलेख शून्यावर आडवा पडलेला आणि प्रोसेसर मात्र धापा टाकतोय. म्हणजे एवढं कार्ड आणलं आणि व्हिडिओ उलगडायचं काम बिचारा जुना प्रोसेसरच करतोय, कारण ब्राउझरचं ते ॲक्सिलरेशन बंद करून ठेवलेलं.

इथे मला शेवटी कळलं की गेम मस्त चालतात आणि साधा व्हिडिओ अडकतो हे एकाच वेळी कसं होऊ शकतं. गेमचं चित्र काढणारा भाग वेगळा आणि व्हिडिओ उलगडणारा भाग वेगळा, कार्ड एकच असलं तरी. एनव्हिडियावाले त्याला एनव्हीडेक म्हणतात, एएमडीवाले व्हीसीएन, इंटेलचं क्विक सिंक. यूट्यूब १०८०पीच्या वरचे व्हिडिओ जुन्या एच२६४ मध्ये देतच नाही, व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये देतं. एव्ही१ हे २०१८ चं, गूगल, ॲमेझॉन, नेटफ्लिक्स वगैरे मंडळींनी मिळून केलेलं. कमी डेटात चांगलं चित्र देतं पण उलगडायला जड, आणि आमचा प्रोसेसर आय५ ८४००, २०१७ चा, त्याच्यात एव्ही१ ची हार्डवेअर सोयच नाही. त्यामुळे ४के लावलं की मेला. एनव्हिडियाच्या ३० सिरीजपासून, म्हणजे २०२० पासून, कार्डात एव्ही१ उलगडायची सोय आहे, त्याआधीच्या १६ सिरीजमध्ये नाही. एएमडीच्या ६००० सिरीजमध्ये आहे पण त्यातल्याच ६४०० आणि ६५०० एक्सटीमध्ये नाही, आणि स्वस्तात व्हिडिओसाठी कार्ड बघणारे नेमके तीच दोन उचलतात. घ्यायच्या आधी हे कुणी सांगत नाही, सगळे एफपीएस, म्हणजे गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम, तेवढंच सांगतात.

ॲक्सिलरेशन चालू केलं, ब्राउझर बंद करून परत उघडला, तो आडवा आलेख हलायला लागला आणि गळणाऱ्या फ्रेम जवळजवळ थांबल्या. मला वाटलं झालं. मी पर्स उघडायला लागले तर पोरगा म्हणाला, "थांबा ताई, तुमचा तानपुरा लावा आणि दहा मिनिटं काही बोलू नका." आणि लेटन्सीमॉन चालू केलं.

लेटन्सीमॉन घरगुती वापराला फुकट आहे. ते बघतं की कुठला ड्रायव्हर, म्हणजे पीसीतला एखादा भाग विंडोजला चालवू देणारा प्रोग्राम, प्रोसेसरला किती वेळ अडवून बसतो. पोराने समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगते. विंडोज आवाजाचं पुढचं सामान साधारण १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी भरत राहतं, जसं गच्चीवरच्या टाकीत पंपाने पाणी चढतं तसं. एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला त्याहून जास्त वेळ धरून बसला की पंप बंद, टाकी रिकामी, नळाला हवा. तेच ते टक. व्हिडिओची एक फ्रेम ६० हर्ट्झवर, म्हणजे स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलते तेव्हा, साधारण १६.७ मिलिसेकंद टिकते, एखादी गळली तर डोळा बहुतेक वेळा माफ करतो. कान नाही करत.

आणि आलं की लाल. यादीत सगळ्यात वर नाव विंडोजच्याच ग्राफिक्सच्या फाइलचं, डीएक्सजीकर्नल की काहीतरी. मी म्हटलं म्हणजे विंडोज खराब, परत टाकायचं का? तर म्हणे नाही, ती फाइल मधला माणूस आहे, ग्राफिक्स ड्रायव्हर अडला की नाव ह्याचं येतं. बरेच जण इथे फसतात आणि सगळा पीसी फॉरमॅट करून बसतात. मग त्याने उजव्या कोपऱ्यातले चालू प्रोग्राम एकेक करून बंद करायला घेतले, प्रत्येक वेळी लेटन्सीमॉन पहिल्यापासून लावायचं, थांबायचं, आकडा बघायचा. कंटाळवाणं काम. मी तेवढ्यात खाली जाऊन चहा घेऊन आले, त्यालाही आणला. वर येईपर्यंत सापडलं होतं.

दोन गोष्टी होत्या. एक, कार्डाबरोबर शोरूमवाल्यांनी घातलेला दिवे आणि तापमान दाखवायचा प्रोग्राम. कॅबिनेटमधले रंगीत दिवे नाचवायला तो सतत सेन्सरना विचारत बसतो, पंखा किती, तापमान किती, व्होल्टेज किती, आणि त्या प्रत्येक विचारण्यात प्रोसेसर क्षणभर अडकतो. तो बंद केला की आकडा धाडकन खाली आला, चालू केला की परत वर, माझ्यासमोर दोन्ही करून दाखवलं. दिव्यांसाठी माझा तानपुरा तुटत होता! लेकाला हे घरी सांगितलं तर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण काढू दिला.

दुसरी, जुन्या कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर आणि त्याच्या दोनतीन सर्व्हिसेस अजून तशाच. शोरूमने जुना न काढता त्याच्यावरच नवा चढवलेला. ह्याला इलाज डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, तेही फुकट. पद्धत अशी की नवा ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवायचा, मग नेट तोडायचं, केबल काढायची किंवा वायफाय बंद, नाहीतर विंडोज मधेच आपला एखादा ड्रायव्हर घुसवतं, मग सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी जुजबी गोष्टींवर चालू करून, दोन्ही कंपन्यांचं सगळं पुसायचं, रीस्टार्ट, नवा टाकायचा, आणि मगच नेट जोडायचं. टाकताना त्याने कस्टम निवडून फक्त डिस्प्लेचा आणि आवाजाचा भाग घेतला, बाकीचं लटांबर नाही. घरी करता येईल असं काम आहे, पण बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर सेफ मोडमध्ये जायच्या आधी त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा हे त्याने बजावलं, त्याच्याकडे म्हणे असे रडत आलेले लोक असतात.

परत लेटन्सीमॉन, परत तानपुरा. हिरवं.

आता शोरूमच्या साडेनऊ हजारांचं. मी मुद्दाम विचारलं. कार्ड ११५ वॅटचं, आमचा एसएमपीएस ५५० चा, भरपूर झाला. आणि वीज कमी पडली तर पीसी गेम खेळताना ताण आल्यावर बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो, यूट्यूबवर टक टक करत बसत नाही, असं त्याचं म्हणणं आणि ते डोक्याला पटतं. एक्स ८ चं तर हसायलाच आलं त्याला. आमचं कार्ड मुळातच एक्स ८ चं बनलेलं आहे, कुठल्याही मदरबोर्डवर एक्स ८ च दाखवणार. जीपीयू-झेड नावाच्या, कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये त्याने ते दाखवलं, आणि हेही की कार्ड रिकामं बसलेलं असताना तिथला वेग मुद्दाम खाली गेलेला दिसतो, वीज वाचवायला, त्यामुळे बाजूचं छोटं प्रश्नचिन्ह दाबून कार्डाला थोडं काम द्यायचं आणि मग आकडा वाचायचा. रिकाम्या कार्डाचा आकडा दाखवून लोकांना मदरबोर्ड विकतात, हे काका काउंटरवरून म्हणाले, तेवढंच एक वाक्य बोलले ते.

एक गोष्ट अजूनही शंभर टक्के गेली नाही आणि तिचं कारण मला फार आवडलं म्हणून लिहिते. दूरदर्शनच्या जुन्या मैफली लावल्या की कॅमेरा गायकावरून तबलजीकडे सरकताना बारीक हिसके बसतात. मी ते दाखवलं. फ्रेम एकही गळत नव्हती. पोराने व्हिडिओची माहिती बघितली आणि म्हणाला हा २५ फ्रेमचा आहे. आपलं टीव्हीचं जुनं प्रक्षेपण पाल पद्धतीचं होतं, सेकंदाला २५ फ्रेम. लेकाचा नवा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, माझा जुना ६० चा. ६० ला २५ ने भागा, २.४ येतात, म्हणजे एक फ्रेम दोनदा दिसणार, पुढची तीनदा, लय बिघडणारच. गंमत म्हणजे १४४ ला ६० ने भागलं तरी २.४ च येतात, म्हणून १४४ वर नेहमीचे ६० फ्रेमचे व्हिडिओसुद्धा किंचित लंगडतात. त्याने सेटिंगमध्ये १४४ चं १२० केलं, २४, ३० आणि ६० तिन्ही त्यात नीट बसतात, आणि जुन्या मैफली बघायच्या असतील तेव्हा १०० कसं निवडायचं ते दाखवलं, २५ चौके शंभर. मी गाणारी बाई, मला तालाचा हिशोब कळायला वेळ लागला नाही. माझ्या ६० वाल्या जुन्या मॉनिटरवर हिसका राहणारच, त्याला इलाज नाही आणि त्याने तसं स्वच्छ सांगितलं, नवा घ्या म्हणाला नाही.

बिल: तपासणीचे ५००, कामाचे ६००. तपासणीचे आधीच सांगतात आणि काही सापडलं नाही तरी घेतात, त्यावरून माझ्यासमोर एक गृहस्थ वाद घालत होते की नुसतं बघायचे कसले पैसे. अहो, फुकट बघणाऱ्याने मला साडेनऊ हजारांचा रस्ता दाखवला होता.

आता कापलेला स्टार. मशीन ठेवून जायला लागलं तर पासवर्ड मागतात, ठीक आहे, पण तो चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटवर चिकटवतात, आणि ती कॅबिनेटं काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभी. माझ्यासमोर तीनचार लोकांचे पासवर्ड मी सहज वाचले. बँकेचं सगळं ज्या मशीनवर असतं तिथे हे चालणार नाही. मी तोंडावर सांगितलं, काका हो हो म्हणाले, चिठ्ठ्या तिथेच होत्या. मी माझा पीसी ठेवलाच नाही, बसून राहिले. तुम्हाला ठेवावा लागला तर आधी पासवर्ड बदलून द्या आणि घरी आल्यावर परत बदला. शिवाय फोन उचलत नाहीत, घरी येत नाहीत, पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. पोरगा बोलतो खूप, ज्यांना नुसतं दुरुस्त करून हवंय त्यांना वैताग येईल, मला नाही आला.

जाणार असाल तर सकाळी उघडल्या उघडल्या जा, संध्याकाळी कॉलेजची पोरं लॅपटॉप घेऊन बसलेली असतात. सोमवारी बंद. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, रिक्षाच बरी, आणि रिक्षात कॅबिनेट उभं न ठेवता काचेची बाजू वर करून आडवं मांडीवर घ्या, म्हणजे खड्ड्यात जड कार्डाचा भार स्लॉटवर लोंबत नाही. मॉनिटर न्यायची गरज नाही पण स्पीकर किंवा हेडफोन तुमचेच न्या, आणि ज्या व्हिडिओत त्रास होतो त्याची लिंक काढून ठेवा. लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे, कॅबिनेट मोठं असेल तर कुणाला तरी बरोबर घ्या.